फ्रँकफर्टची निवळी

फ्रँकफर्टला उतरणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या तरी गावाला निघालेला असतो. विमान बदलावे, तासभर काचेच्या भिंतीआड बसून महागडी कॉफी प्यावी आणि पुढे लंडनला नाहीतर न्यूयॉर्कला जावे, एवढाच त्याचा या शहराशी संबंध. कोणी चिकाटीचा प्रवासी एखादा दिवस राहिलाच, तर तो रोमर चौकातली लाकडी पट्ट्यांची घरे पाहतो, १७४९ साली महाकवी गटे जन्मला ते घर पाहतो (मूळ घर १९४४ च्या बॉम्बवर्षावात पडले, आताचे मागाहून पुन्हा बांधलेले), माइन नदीवरच्या लोखंडी पादचारी पुलावर उभा राहून बँकांच्या मनोऱ्यांचे छायाचित्र घेतो आणि ‘फ्रँकफर्ट झाले’ म्हणून मोकळा होतो. आमचीही गत तीच व्हायची. पण आमच्या धाकट्या लेकीने लग्न केले ते याच शहरातल्या मुलाशी, आणि २०२४ च्या जानेवारीपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत आम्ही उभयतां तिच्याकडे राहिलो. त्या तीन महिन्यांत मनोरे मी फारसे पाहिले नाहीत. एक तळघर मात्र पाहिले, आणि तेही चांगले निरखून.

पण आधी त्या लोखंडी पुलाच्या पलीकडे जाऊ. दक्षिण तीरावर उतरले की झाक्सनहाउझन ही जुनी वस्ती लागते. तिथल्या कित्येक पेयगृहांच्या दारावर सुचिपर्णी झाडाच्या हिरव्या डहाळ्यांचे कडे टांगलेले दिसते. आपल्याकडे दाराला आंब्याचे टाळे बांधलेले दिसले की घरात कार्य आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. तसेच इथे हे कडे दिसले की आत सफरचंदाची वाईन मिळते असे समजायचे. आत लांबच लांब लाकडी मेजे आणि बाके. जागा मिळेल तिथे बसायचे. शेजारी बँकेचा साहेब असो की नळदुरुस्तीवाला, तो सरकून जागा देतो आणि पाच मिनिटांत तुमची चौकशी करू लागतो. आपल्या आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाची मला फार आठवण झाली. राखी रंगाच्या, निळी वेलबुट्टी काढलेल्या जाडजूड दगडी बुधल्यातून ही वाईन पेल्यांत ओततात. बुधल्याला म्हणतात ‘बेंबल’. आणि पेला? तो पाहून मला दिवाळीच आठवली. बाहेरून सबंध पेल्यावर शंकरपाळ्यांसारखे तिरके चौकोन उमटवलेले! सॉसेज खाऊन तुपकट झालेल्या हातातून पेला निसटू नये म्हणून ही योजना, असे कोणी सांगतात. दुसरे म्हणतात, या चौकोनांवर प्रकाश मोडतो आणि आतले पेय असेल त्याहून चमकदार दिसते. थोडे गढूळ असले तरी कळत नाही. ही दुसरी गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

या भागात पूर्वी द्राक्षमळे होते. सोळाव्या शतकापासून पुढे हवा थंडावत गेली, द्राक्षांवर रोग आले, मळे मागे पडले आणि त्यांच्या जागी सफरचंदाची झाडे आली. द्राक्षे नाहीत तर सफरचंद पिळू, असे म्हणून लोकांनी वाईन करायचे काही सोडले नाही. आता तर घरगुती आणि छोट्या कारागिरांच्या या सफरचंद-वाईनच्या परंपरेची जर्मनीने २०२२ साली आपल्या सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंद केली आहे. चवीला ही वाईन आंबट आणि किंचित तुरट. मद्यार्क शेकडा पाच ते सात. पुष्कळ जण तीत सोड्याचे पाणी मिसळतात. लिंबाचे गोड पाणी मिसळले तर मात्र जुनी मंडळी नाक मुरडतात.

मला या सगळ्यात आवडले ते त्यांचे शब्द. एकाच रसाला त्यांनी चार नावे दिली आहेत, आणि ती सगळी त्याच्या गढूळपणावरून नि वयावरून. नुकता पिळलेला, गोड, दाट, तपकिरी रस म्हणजे ‘झ्यूसर’. तो फसफसायला लागला, फेस आला, दुधासारखा पांढुरका गढूळ झाला की ‘राउशर’. हा राउशर पोटात गेला की पोट फार वेळ गप्प बसत नाही, त्यामुळे नवख्याला त्याचा पहिला पेला देताना आजूबाजूची मंडळी मिस्किलपणे हसतात. झाक्सनहाउझनच्या एका गल्लीत ‘फ्राउ राउशर’ नावाच्या बाईचे कारंजे आहे. ही बाई मधूनच रस्त्यावरच्या माणसांवर तोंडातले पाणी उडवते! फसफस थांबून रस निवळला की ‘हेलर’, म्हणजे स्वच्छ, उजळ. आणि मुरला की ‘आल्टर’, जुना. गढूळ असणे ही इथे लाज वाटण्याची बाब नाही; ती एक इयत्ता आहे. फक्त वर्ष संपेपर्यंत मूल वरच्या इयत्तेत गेले पाहिजे.

आमच्या व्याह्यांच्या तळघरात ते गेले नव्हते.

व्याह्यांचे घर बेर्गन-एन्कहाइमला. हे पूर्वी वेगळे गाव होते, १९७७ साली शहरात आले. टेकडीवर बेर्गन, पायथ्याशी एन्कहाइम, आणि मधल्या उतारावर जुन्या फळझाडांची कुरणे. व्याही पोस्टातून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. उतारावरचा एक तुकडा त्यांच्या आजोबांपासून घरात आहे. त्यावरची सफरचंदे दरवर्षी पाडायची, अंगणातल्या दाबयंत्रात पिळायची आणि शंभरेक लिटर रस तळघरात आंबवायला ठेवायचा, हा त्यांचा कुळाचारच म्हणा ना. जर्मनीत घरापुरती फळांची वाईन करायला आडकाठी नाही. (आपल्याकडे परवान्याशिवाय हा उद्योग करता येत नाही, तेव्हा हा लेख वाचून कोणी लोणच्याची बरणी रिकामी करू नये.)

तळघरात वेताच्या टोपल्यांत बसवलेले चार मोठे काचेचे गोलघडे होते, प्रत्येकी पंचवीस लिटरचे. प्रत्येकाच्या तोंडाला रबरी बूच, बुचात पाणी भरलेली वाकडी काचनळी. आतला वायू त्या पाण्यातून बुडबुडत बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत येत नाही. बुडबुडे थांबले की आंबण्याचे काम संपले. मग यीस्ट दमून तळाशी बसते, त्याचा बोटभर साका होतो आणि वरची निवळ रबरी नळीने दुसऱ्या घड्यात ओढून घ्यायची. नळीचे तोंड साक्याच्या वर धरायचे आणि घडा हलवायचा नाही, एवढेच पथ्य. ज्यांनी चुन्याची निवळी केली आहे त्यांना हे शिकवायला नको. व्याही हे काम नाताळच्या सुमाराला करतात आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत घड्यामागे धरलेले वर्तमानपत्र वाचता येते, असा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

आम्ही गेलो तेव्हा वर्तमानपत्र सोडाच, घड्यामागे मेणबत्ती धरली तर नुसता एक पिवळा डाग दिसत होता. साका तळाशी बसला होता, निवळ काढून झाली होती, बुडबुडे महिन्यापूर्वीच थांबले होते. पण वाईन आपली ताकाच्या पाण्यासारखी धुरकट.

एरवी हे हसण्यावारी गेले असते. पण १ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी, व्याही-विहीणबाईंच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. साठ माणसे जेवायला यायची होती आणि त्यांना घरचीच वाईन द्यायची हे वर्षापूर्वीच ठरले होते. आणखी एक गोष्ट विहीणबाईंनी मला बटाटे सोलता सोलता सांगितली. लेक मध्ये बसून भाषांतर करीत होती. शरदात व्याह्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. तेव्हापासून त्यांच्या मनाने घेतले होते की आता आपल्याच्याने कुरण सांभाळवत नाही. शेजारचा एक जण तो तुकडा विकत मागत होता. “या वर्षीची वाईन बिघडली तर ते कुरण विकतील,” विहीणबाई म्हणाल्या, “आणि कुरण विकलं तर दिवसभर खुर्चीत बसून राहतील.” पुढचे त्या बोलल्या नाहीत. बटाटे मात्र बरेच जाड सोलले गेले.

फेब्रुवारीत एका कोरड्या दिवशी व्याह्यांनी आम्हांला कुरण दाखवायला नेले. काठी टेकत, पण आमच्या पुढे. पानझड झालेली सफरचंदाची म्हातारी झाडे, त्यांच्या फांद्यांवर हिरवे गोल गुच्छ. मी म्हटले, “अगं, ही तर आपली बांडगुळं!” आणि खरेच ती बांडगुळेच; नाताळात ज्याच्या डहाळ्या युरोपात दारावर लावतात ते मिसलटो म्हणजे बांडगुळाचाच प्रकार. कुरणाच्या वरच्या कडेला एकच उंच झाड वेगळे होते. साल खवलेदार, खोड दोघांच्या कवेत न मावणारे. व्याह्यांनी त्यावर थाप मारली आणि म्हणाले, “स्पायरलिंग.”

या झाडाची हकिगत मोठी मौजेची आहे. फळ सुपारीहून थोडे मोठे, लहानशा पेरसारखे किंवा सफरचंदासारखे, आणि कच्चे असताना असे तुरट की जीभ टाळ्याला चिकटते. थंडी लागून ते तपकिरी, मऊ झाले म्हणजे गोड लागते. पण वाईनसाठी ते कच्चेच हवे. सप्टेंबरात पाडायचे, पिळायचे आणि शंभर लिटर सफरचंदाच्या रसात दोनेक लिटर मिसळायचे. त्याने वाईन टिकते, चवीला कणा येतो आणि मुख्य म्हणजे ती निवळते. लाकूड भारी टणक. वाईनच्या दाबयंत्रांचे स्क्रू आणि सुतारांचे रंधे त्याचे करीत. बियांपासून रोप सहजी होत नाही म्हणून झाड दुर्मिळ झाले. लोकांचे लक्ष जावे यासाठी १९९३ साली जर्मनीने त्याला ‘वर्षाचे झाड’ म्हणून निवडले होते.

फळाने द्रव निवळतो हे ऐकून माझे मन एकदम भंडाऱ्याकडे गेले. वैनगंगेकाठी आमच्या आजोळी पावसाळ्यात पाणी मातकट यायचे. आजी निवळीचे बी घेऊन मातीच्या माठाला आतून घासायची, मग पाणी भरायची. सकाळी तळाशी चिखल आणि वर नितळ पाणी. संस्कृतात या झाडाला ‘कतक’ म्हणतात. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात त्याचा दाखला आहे: कतकाचे फळ पाणी निर्मळ करते खरे, पण नुसते त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. मी हे लेकीकरवी व्याह्यांना सांगितले. ते मान डोलावून म्हणाले, “मी तर नाव नाही घेतलं, दोन लिटर रस घातला होता. तरी का निवळली नाही?”

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर द्यायला योग्य माणूस होता. आमचे हे तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवत होते, आणि निवृत्त झाल्यापासून कोणी काही विचारील म्हणून वाट पाहत होते.

जावयांनी आधीच आपला तोडगा काढला होता. बाजारातून त्यांनी एक एन्झाइमची पूड आणि एक बेंटोनाइट मातीची पुडी आणून ठेवली होती. व्याह्यांनी ती पाकिटे पाहिली आणि म्हणाले, “पुडी घालून केलेली वाईन कारखान्यात मिळते. त्यासाठी झाड कशाला हवं?” यावरून बापलेकांचे तीन दिवस बोलणे बंद होते. जर्मन माणसे भांडतात तेव्हा आवाज चढवत नाहीत, दारे फक्त जरा नेटाने लावतात. लेक मला म्हणाली, “आई, बाबांना काहीतरी करायला सांग.”

यांनी केले ते एवढेच, की दोन्ही पक्षांना थांबवले. म्हणाले, “औषधाचं भांडण नंतर करा. आधी रोग कोणता ते पाहू. गढूळ म्हणजे काय एकच असतं?”

खरेच, एक नसते. गढूळपणाच्या निदान पाच जाती त्यांनी बोटांवर मोजल्या. आंबून झालेल्या वाईनमध्ये वायू अडकून राहिला तर त्याचे बुडबुडे यीस्टला खाली बसू देत नाहीत. हलक्या हाताने ढवळून वायू काढला की काम होते. ते व्याह्यांनी करून पाहिले होते. जंतूंनी बिघडलेली वाईन पेल्यात फिरवली तर रेशमाच्या लडीसारखी झळाळी दिसते आणि वास बदलतो. ती सुधारत नाही, टाकून द्यावी. व्याह्यांनी वास घेतला, चव घेतली, नकारार्थी मान हलवली. या नाकावर शंका घेण्याची कोणाची छाती नव्हती. कच्च्या सफरचंदातला किंवा केळ्यासारख्या फळातला पिष्टाचा अंश राहिला तर आयोडीनचा थेंब टाकताच निळे-काळे होते. औषधांच्या पेटीतले आयोडीन आणले. थेंब पिवळट तपकिरीच राहिला. पिष्ट नाही.

उरले दोन. एक प्रथिनांचा गढूळपणा. हिरडा खाल्ला की तोंडात जे आकसल्यासारखे होते ते टॅनिनमुळे, आणि स्पायरलिंगच्या कच्च्या फळात हे टॅनिन भरपूर. टॅनिन प्रथिनाला धरते, दोघांचे मिळून जड कण होतात आणि तळाशी बसतात. कातडी कमावतात ती याच गुणावर. स्पायरलिंगचे सगळे सामर्थ्य हे आहे. यांनी वाटीभर वाईन मंद आचेवर चांगली गरम करून थंड केली. प्रथिने शिल्लक असती तर ती आणखी धुरकट झाली असती. झाली नाही. “म्हणजे व्याह्यांच्या झाडानं आपलं काम चोख केलं आहे,” हे म्हणाले. लेकीने भाषांतर केले, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा व्याह्यांचा चेहरा थोडा सैल झाला. माझ्या मते सगळ्या प्रयोगातला महत्त्वाचा क्षण हाच. पुढचे ऐकून घ्यायला ते तयार झाले ते झाडाची अब्रू राहिली म्हणून.

दुसरा म्हणजे पेक्टिनचा. पेरूची जेली बशीत थरथरत उभी राहते ती ज्याच्या बळावर, ते हे पेक्टिन. त्याची परीक्षा स्पिरिटने होते. आपल्याकडे पूर्वी प्रायमस पेटवायला लागायचे तसले स्पिरिट तिथे चीज वितळवायच्या शेगडीसाठी घरात होतेच. एका छोट्या बाटलीत एक भाग वाईन आणि चार भाग स्पिरिट घेतले, हलकेच हलवले आणि अर्धा तास ठेवून दिले. (हे मिश्रण विषारी, पाहून झाले की ओतून टाकायचे.) अर्ध्या तासाने बाटलीत शेवाळासारखे चिकट धागे आणि जेलीचे गोळे तरंगत होते. प्रयोगशाळेत बसल्यासारखे आम्ही पाचही जण स्वयंपाकघराच्या मेजाभोवती डोकी जुळवून पाहत होतो.

आता या वर्षीच पेक्टिन कुठून आले? यांनी विचारले, “सफरचंदं केव्हा पिळलीत?” दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरीस पिळतात, पण यंदा गुडघ्यामुळे काम नोव्हेंबरवर गेले. सफरचंदे पाच आठवडे पडवीत पडून राहिली, मऊ आणि भुसभुशीत झाली. फळ फार पिकले की त्याच्या भिंतींना घट्ट बांधून ठेवणारे पेक्टिन सुटे होऊन रसात उतरते. जाम-जेली करणारी सुगृहिणी हे ओळखून थोडी कच्ची फळे वापरते आणि फळ शिजवून पेक्टिन मुद्दाम काढून घेते; वाईन करणाऱ्याने नेमके उलटे करायचे. फळ टणक असताना पिळावे, शिजवू नये, लगदा फार बारीक करू नये, आणि शेवटचा थेंब निघावा म्हणून फडके पिरगाळत बसू नये. विहीणबाई हळूच म्हणाल्या, “गुडघ्याचा दोष. माणसाचा नाही.” त्यांचे भाषांतर करायची लेकीला गरज पडली नाही.

पेक्टिनचे कण एकत्र का येत नाहीत, हे यांनी गिरगावच्या उदाहरणाने समजावले. पावसात बसस्टॉपवर प्रत्येक जण छत्री उघडून उभा असला तर कोणी कोणाच्या जवळ येऊ शकत नाही; छत्र्या मिटल्या की गर्दी दाटते. प्रत्येक कणावर पेक्टिनचे असे आवरण असते आणि त्यावरचा सारखा विद्युतभार कणांना परस्परांपासून दूर ठेवतो. एन्झाइम ती छत्री मिटते. मग कण चिकटतात, जड होतात आणि बसतात. बेंटोनाइट माती काय करते? ती प्रथिने ओढते; आपल्या मुलतानी मातीच्या जातीतली, पाण्यात भिजली की खूप फुगणारी. ती इथे कामाची नव्हती. आधी घातली असती तर एन्झाइमलाच ओढून तळाशी घेऊन बसली असती, कारण एन्झाइम म्हणजेही प्रथिनच. म्हणून दोन्ही वापरायची झाल्यास एन्झाइम आधी, आणि माती मागाहून. अंड्याचा बलक काढून उरलेले पांढरे, जिलेटिन, स्टर्जन माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढलेला सरस हे सगळे जुने निवळणेही प्रथिनेच. ते टॅनिनच्या गढूळपणाला पकडतात. पेक्टिनला त्यांच्यापैकी कोणीही बधत नाही.

व्याह्यांनी बराच वेळ विचार केला. मग बोटे दाखवून म्हणाले, “एक घडा. बाकीच्यांना हात लावायचा नाही.”

तळघरात सात-आठ अंशांवर एन्झाइम जवळजवळ झोपूनच राहते. शिवाय तयार वाईनमधल्या मद्यार्कानेही ते मंदावते, म्हणून मात्रा पाकिटावर रसासाठी दिली होती त्याच्या दुप्पट घेतली आणि घडा वर आणायचे ठरले. वेताच्या टोपलीसह तीस किलोंच्या वरचे ते ओझे जावई आणि आमचे हे दगडी जिन्यावरून घेऊन येत असताना मी देवाचे नाव घेत होते आणि लेक दोन भाषांत ओरडत होती. स्वयंपाकघरात, ऊब देणाऱ्या लोखंडी पट्ट्यांपासून हातभर लांब, घडा ठेवला. येताजाता प्रत्येक जण त्याच्याकडे बघायचा. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी आत कापसासारखे पुंजके दिसू लागले. विहीणबाईंना वाटले बिघडली. हे म्हणाले, छत्र्या मिटायला लागल्या. आठव्या दिवशी वरच्या चार बोटांत फिकट सोनेरी पट्टा उजळला आणि रोज इंच-दोन इंच खाली सरकू लागला. बाराव्या दिवशी सकाळी मी चहा करायला उठले तर व्याही झोपण्याच्या झग्यातच घड्यापुढे स्टुलावर बसलेले. घड्यामागे त्यांनी आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र उभे केले होते आणि ते मोठ्याने वाचत होते. बातमी कसली होती देव जाणे. मला जर्मन येत नाही.

त्याच दिवशी आणखी दोन घडे वर आले. जावयांना हाक मारायला व्याही स्वतः जिन्यापाशी गेले. चौथा घडा मात्र त्यांनी खालीच ठेवला. “हा माझा,” म्हणाले. तिन्ही घडे निवळल्यावर पुन्हा तळघराच्या थंडीत गेले, कारण थंडीत राहिलेसाहिलेही बसते. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बापलेकांनी मिळून निवळ काढली. नळी मुलाच्या हातात, विजेरी बापाच्या. साका वर उठू लागला की बाप विजेरीने घड्याच्या काचेवर टकटक करी आणि मुलगा नळी उचली. मी जिन्यावर बसून पाहत होते. दोघांत जेमतेम चार शब्द बोलले गेले असतील.

ईस्टरच्या सोमवारी हवा चांगली होती. अंगणात मेजे मांडली, साठ माणसे आली, सात हिरव्या पाल्यांची थंड चटणीवजा ‘ग्र्यून झोस’ उकडलेल्या अंड्यांबरोबर आणि बटाट्यांबरोबर सगळ्यांनी खाल्ली. मलाही ती फार आवडली, आपल्या कोथिंबिरीच्या चटणीची दह्यातली बहीण शोभेल अशी. वाईन साध्या, सपाट काचेच्या पेल्यांतून दिली. विहीणबाईंनी ते पेले मुद्दाम भाड्याने आणवले होते. उन्हात ती पिवळ्या पुष्कराजासारखी दिसत होती. आमच्या यांनी ‘प्रयोगाचा निष्कर्ष’ म्हणून दोन पेले घेतले. मी चमचाभर चाखली: कोकमाच्या आंबटपणात कच्च्या जांभळाचा तुरटपणा मिसळावा तशी. दुसरा चमचा काही मागितला नाही.

व्याह्यांपुढे मात्र त्यांचा तो शंकरपाळ्यांचा जुना पेला होता आणि शेजारी वेगळा बेंबल. चौथ्या घड्यातली वाईन शेवटपर्यंत निवळली नव्हती. ती त्यांनी स्वतःसाठी भरून आणली होती. पाहुण्यांपैकी कोणी पेला उन्हात धरून पाहिला तरी त्या चौकोनांतून गढूळ की स्वच्छ हे कळायला मार्ग नव्हता. शेजारचा तो कुरण मागणारा गृहस्थही जेवायला आला होता. त्याच्याशी व्याही हसूनखेळून बोलले, त्याचा पेला दोनदा भरला, आणि मग मुलाला हाक मारून सप्टेंबरात स्पायरलिंग पाडायला कोणत्या शनिवारी यायचे, शिडी कोणाची आणायची आणि वर कोण चढायचे, याची चर्चा सुरू केली. वर मीच चढणार, असे ते म्हणत होते. विहीणबाई नाही म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी आमचे विमान होते, त्यामुळे शेवटी काय ठरले ते मला लेकीच्या पत्रातून कळले: शिडीवर जावई, खाली चादर धरायला विहीणबाई, आणि व्याही खुर्चीत बसून हुकूम सोडायला. खुर्ची मात्र कुरणात नेऊन ठेवायची.